मायोफंक्शनल थेरपी, मुलांमधील

ओठ, जीभ आणि गालांच्या स्नायूंना व्यायामाने नवे वळण लावणारी उपचारपद्धती. अमेरिकी दंततज्ज्ञ आल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ मध्ये दातांच्या उपचाराला अशा व्यायामांची जोड सुचवली. गिळताना जीभ दातांवर रेटणारी, सतत तोंड उघडे ठेवणारी किंवा दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांत फट राहणारी मुले तिच्याकडे येतात. सूचना समजून रोज सराव करायचा असल्याने बहुधा सात-आठ वर्षांनंतर ती नीट जमते.

आधी नाक तपासतात. अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले किंवा अ‍ॅलर्जीने नाक चोंदलेले असताना 'ओठ मीट' म्हणणे हा निव्वळ छळ. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर जीभ टाळूपर्यंत पोहोचतच नाही.

पहिला धडा जागेचा: वरच्या पुढच्या दातांमागे हिरडीवर जो छोटा उंचवटा लागतो, तिथे जिभेचे टोक. मराठी मुलाला 'त' म्हणून जागा शोधायला लावू नये, कारण 'त'ला जीभ थेट दातांनाच टेकते. 'ल' जास्त जवळचा. मग अख्खी जीभ टाळूला चिकटवून 'टॉक्' आवाज करत सोडायची. घोड्याच्या टापांचा हा खेळ मुलांना आवडतो, पण थोड्याच वेळात हनुवटीखाली दुखू लागते. ओठांसाठी पक्क्या दोऱ्यात ओवलेले मोठे बटण दात आणि ओठांच्या मध्ये धरून मोठ्या माणसाने दोरा हळू ओढायचा. इथे मुले बटण दातांत पकडून हटकून लबाडी करतात. हनुवटीवर खळ्या पडल्या, तर ओठांचे काम तिचा स्नायू करतो आहे असे समजावे.

गिळण्याच्या धड्यात सुरुवातीला पाणी ओघळते, हसू फुटते, शर्ट भिजतो. आरशासमोर एक घोट घ्यायचा, टोक जागेवर ठेवायचे, दाढा मिटायच्या आणि ओठ न आवळता गिळायचे.

व्यायाम रोज काही मिनिटांचाच. खरी कसोटी उरलेल्या वेळी. गिळणे क्षणाचे असते, पण जीभ तासन्‌तास जिथे विसावते तिथला हलका दाब दात हलवू शकतो. म्हणून टीव्हीसमोर तोंड पुन्हा उघडे राहिले की ब्रेसेसने मिटवलेली फटही परत पडू शकते. पालकांनी सारखे टोकले की मूल चिडते; आठवण म्हणून अभ्यासाच्या टेबलावर लावलेली एखादी टिकली जास्त कामी येते. झोपेतली सवय सर्वांत शेवटी बदलते, त्यामुळे उपचार कित्येक महिने चालतो.