साखरेच्या पाकात साखरेचा सेन्सर

सकाळी गोदापार्कात फिरताना माझा फोन डाव्या खिशात असतो आणि इअरबड उजव्या कानात. मोकळ्यावर आलो की गाणं तुटायला लागतं. घरात तोच फोन, तोच खिसा, तरी सलग वाजतं. अडथळा मीच! शरीर म्हणजे बरंचसं खारं पाणी, आणि ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते शोषून घेतं. घरात भिंतींवरून उलटलेल्या लहरी वळसा घालून कान गाठतात. नदीकाठी भिंतच नाही.

मधुमेहींच्या दंडात, कातडीखाली बसवायच्या सेन्सरचं दुखणं हेच. 'एव्हरसेन्स' हा असा सेन्सर अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाला, ९० दिवसांसाठी. २०२४ मध्ये वर्षभराचा आला. लांबी जेमतेम १८ मिलिमीटर. पहिल्यात तर बॅटरीही नव्हती. वर चिकटवलेला ट्रान्समीटर त्याला कातडीतून वीज पुरवतो, साखरेचा आकडा घेतो आणि दर ५ मिनिटांनी ब्लूटूथने फोनला कळवतो.

अशा उपकरणांची रेडिओ-चाचणी माणसावर करण्याआधी नकली मांसात करतात. त्याची एक कृती अगदी स्वयंपाकघरातली: पाणी, साखर, मीठ. साखरेने पाण्याची विद्युत ऊर्जा साठवण्याची क्षमता उतरवायची, मिठाने वाहकता चढवायची. प्रमाण जमलं की लहरींना तो स्नायूच वाटतो. साखर मोजणाऱ्या यंत्राची परीक्षा पाकात, याची मला भारी गंमत वाटते. मग अँटेना हवी तशी फिरवतात, शेजारी वायफाय आणि इतर ब्लूटूथचा गोंगाट सुरू करतात आणि किती संदेश हरवले ते मोजतात.

पण नुसत्या बेरजेवर माझा भरवसा नाही. दिवसभरात दहा संदेश इकडेतिकडे हरवले तर बिघडत नाही. रामकुंडात डुबकी मारली, ब्लूटूथ क्षणभर गप्प झालं, वर आलो की पुन्हा सुरू. तेच दहा संदेश रात्री ओळीने हरवले तर? ५० मिनिटं झाली. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर तेवढ्या वेळात धोक्याइतकी उतरू शकते. हुकलेले आकडे मागाहून भरूनही येतात, पण इशारा तेव्हाच हवा होता. म्हणून सलग सर्वांत मोठी शांतता किती, हा आकडा मी आधी विचारेन.

हे सगळं पंचवटीतल्या मावशीला रंगवून सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, पण रात्री माझा फोन देवघरापाशी चार्जिंगला असतो, त्याचं काय?"

त्याचीही सोय आहे. साखर फार उतरली की दंडावरचा ट्रान्समीटर फोनची वाट न पाहता स्वतःच थरथरतो.