संशोधनावर खर्च वाढला की विषमता वाढतेच का?

‘संशोधनावर पैसा ओतला की श्रीमंतच आणखी श्रीमंत होतात,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. यातलं अर्धंच खरं आहे. २०२५ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी फिलिप आगियाँ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या राज्यांची आकडेवारी तपासली. जिथे पेटंटं जास्त, तिथे सर्वांत वरच्या १ टक्का लोकांचा उत्पन्नातला वाटा वाढलेला दिसला. एकूण समाजातल्या विषमतेशी मात्र तसं घट्ट नातं सापडलं नाही. उलट, नव्याने बाजारात उतरलेल्यांचे शोध जिथे अधिक, तिथे खालच्या थरातल्या मुलांना वर चढणं सोपं जातं, आणि मला हाच निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. प्रस्थापित कंपन्या सरकारदरबारी वजन वापरून नव्यांची वाट अडवतात, तिथे हा फायदा आटतो.