मंडळीची वाढ (ख्रिस्ती परंपरा, नागपूर)

ख्रिस्ती मंडळीतील माणसांचा विश्वास मुरत जाणे आणि त्याबरोबर सभासदांची संख्या वाढणे, या दोन्हींना मिळून मंडळीची वाढ म्हणतात. मराठी ख्रिस्ती लोक ‘मंडळी’ हा शब्द तिथे जमणाऱ्या माणसांसाठी वापरतात, इमारतीला ते चर्च म्हणतात. हा फरक पक्का धरून ठेवावा लागतो. नवी फरशी, नवी साऊंड सिस्टीम, रंगरंगोटी यांनी चर्च सुधारते. मंडळी वाढते ती दोन रविवारांच्या मधल्या सहा दिवसांत, घराघरांतून. करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधील पत्रात प्रेषित पौलाने रोप लावणाऱ्याचे व पाणी घालणाऱ्याचे काम वेगळे सांगितले आणि वाढवणे देवाकडे ठेवले. या नोंदीचा विषय आहे पाणी घालण्याचे काम, तेही मुख्यतः प्रोटेस्टंट मंडळ्यांतले.

पार्श्वभूमी

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा, दवाखाना आणि मिशनचे आवार यांच्याभोवती इथली मराठी मंडळी उभी राहिली; हिस्लॉप कॉलेज (१८८३) त्याच परंपरेतले. सदरमधील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संयुक्त चर्च-संस्था स्थापन झाली. आज शहरात मराठी, हिंदी, इंग्रजी, मल्याळम, तमिळ, तेलुगू अशा भाषांत उपासना चालतात.

मंडळीवाढ हा अभ्यासाचा विषय झाला त्याची मुळेही याच भागात आहेत. मिशनरी डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ मध्ये दमोहला (आजचे मध्य प्रदेश) झाला. तेव्हा हा भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. याच पट्ट्यात काम करताना त्यांना प्रश्न पडला, की एक मंडळी वाढते आणि पलीकडच्या गावातली तशीच का राहते? त्यांचे निरीक्षण असे, की मिशनच्या आवारात आणून वसवलेला माणूस आपल्या सोयऱ्याधायऱ्यांपासून तुटतो आणि विश्वासाची वाट तिथेच अडते. वाढीचे तीन प्रकार वेगळे मोजायचा आग्रह त्यांच्याच विचारातून रूढ झाला: सभासदांच्या घरी जन्मलेली मुले, दुसऱ्या मंडळीतून बदलून आलेले, आणि नव्याने विश्वास ठेवून आलेले.

त्यांचे दुसरे मत मात्र जपून घ्यावे लागते. माणसे आपली जात, भाषा, वर्ग न ओलांडता लवकर येतात, असे ते म्हणत. भाषेपुरते ते खरे आहे. पण त्याचा आधार घेऊन जातीजातींच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, तर प्रभुभोजनाच्या विधीत एकाच भाकरीत सहभागी होण्याचा अर्थच उरत नाही. अशी वाढ वहीत दिसेल, पण ती मंडळीची वाढ नव्हे.

मोजणी

बहुतेक मंडळ्यांकडे एकच आकडा असतो, सभासद नोंदवहीतला. तो वर्षानुवर्षे फुगत जातो, कारण पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीसाठी गेलेला मुलगा आणि लग्न होऊन भिलाईला गेलेली मुलगी वहीत राहतातच. तीन आकडे हवेत: नोंदवहीतील सभासद, रविवारची सरासरी हजेरी आणि प्रभुभोजन घेणारे. हजेरी दर वेळी त्याच क्षणी, म्हणजे संदेश (प्रवचन) सुरू होताना मोजावी, कारण पहिल्या गीतापर्यंत निम्मी बाके रिकामी असतात. सलग १२ रविवारांची सरासरी काढावी. नाताळ, झावळ्यांचा रविवार (पाम संडे) आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) त्यात धरू नयेत. समजा वहीत ४०० नावे आहेत आणि हजेरी १४० आहे. तर पहिले काम नवी माणसे शोधण्याचे नाही, त्या २६० जणांपैकी कोण वारले, कोण गाव सोडून गेले, कोण अंथरुणाला खिळले आणि कोण रुसले याची यादी करण्याचे आहे. रुसलेल्यांची यादी सर्वांत लांब निघते आणि तिच्याकडे जायलाच कोणी तयार नसतो.

बदलून आलेल्यांचा रकाना वेगळा ठेवला नाही तर फसगत होते. शेजारच्या मंडळीत भांडण झाले म्हणून दहा घरे इकडे आली, तर शहरातला एकही माणूस नव्याने विश्वासात आलेला नसतो. शिवाय ते भांडण सोबत येते. अशा घरांकडून आधीच्या मंडळीचे पत्र मागावे आणि तिथल्या पाळकांशी (मंडळीच्या धर्मगुरूंशी) एकदा बोलावे.

घरसभा

मंडळीच्या वाढीचा खरा कणा म्हणजे घरसभा, सभासदांच्या घरी आळीपाळीने भरणारी छोटी प्रार्थनासभा. ८ ते १२ माणसे, आठवड्यातून एक संध्याकाळ, सव्वा तास. भजने १५ मिनिटे, वचनाचे वाचन १०, त्यावर बोलणे २५, एकमेकांसाठी प्रार्थना २५. बसायचे गोलात, सतरंजीवर. खुर्च्या रांगेत मांडल्या की पुढचा माणूस संदेश द्यायला लागतो आणि घरसभेचा रविवार होतो. प्रमुखाने तीनच प्रश्न विचारावेत: या उताऱ्यात काय घडते, यात आपल्याला काय खटकते, या आठवड्यात यातले काय करता येईल. पुढच्या वेळी सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून व्हावी. बोलण्यातले आचरणात उतरले का, हे मोकळेपणाने विचारणारी ही एकच जागा मंडळीत असते.

घरसभा मोडते ती बहुधा खाण्यावरून. पहिल्या घरी चहा-बिस्किटे होतात, दुसऱ्या घरी समोसे, तिसऱ्या घरी आलूपोहा आणि गोड, चौथ्या घरी जेवण. पाचवे घर रोजंदारीवर जगणाऱ्याचे असते. ती बाई म्हणते, ‘या महिन्यात आमच्याकडे नको, पाहुणे आहेत.’ पाहुणे नसतात. दोन महिन्यांनी ते कुटुंब येईनासे होते आणि कारण कोणालाच कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच नियम करावा: चहा आणि बिस्किट, बस्स, मग घर डॉक्टरचे असो की हमालाचे. हा नियम आधी ऐपतवाल्या घरांनी पाळायला हवा.

माणसे १५ झाली की गट दोन करावेत. त्यासाठी सहप्रमुख आधी सहा महिने तयार झालेला लागतो. ऐनवेळी नेमलेला प्रमुख दुसऱ्याच महिन्यात थकतो. मिश्र वस्तीत ध्वनिक्षेपक लावू नये, शेजाऱ्यांना आधी सांगावे, नऊच्या आत उठावे.

पाळकीय भेटी

इथे साधे गणित आहे. १२० घरे असतील आणि पाळक आठवड्याला ८ घरी गेले, तर १५ आठवड्यांत एक फेरी होते, वर्षातून प्रत्येक घरी तीन भेटी. भेट २० ते ३० मिनिटांची असावी: विचारपूस, एक छोटा उतारा, नाव घेऊन प्रार्थना. मृत्यू झालेल्या घरी त्याच दिवशी जावे. दफनानंतर नातेवाईक परतले की घर एकदम रिकामे होते, तेव्हा त्या पहिल्या महिन्यात दर आठवड्याला जावे. भेटवहीत तारीख, आजारपण, मुलांच्या परीक्षा एवढेच लिहावे. घरातली गुपिते कधीच नाही. पाळक फक्त वर्गणी थकलेल्या घरी किंवा फक्त बंगल्यांत जातात अशी चर्चा सुरू झाली, की पुढे कितीही उत्तम संदेश दिला तरी तो कानापर्यंतच पोचतो.

नव्या माणसासाठी दाराशी दोघेजण उभे असावेत. त्याची इच्छा असेल तर नाव व मोबाइल घ्यावा, एखाद्या कुटुंबाजवळ बसवावे, मंगळवारच्या आत फोन करावा. त्याला व्यासपीठावरून उभे राहायला सांगू नये, बुजरा माणूस पुन्हा येत नाही.

बाप्तिस्म्याची तयारी

बारा आठवडे, दर आठवड्याला एक तास, हा किमान काळ धरावा. बायबलमधील मार्काचे शुभवर्तमान सलग वाचावे, प्रार्थना शिकवावी, मंडळीच्या वर्गणीपासून भांडणांपर्यंत सगळे खरे सांगावे. नोकरी, फी, औषधपाणी यांची मदत बाप्तिस्म्याला कधीही जोडू नये. मदत ज्याला गरज आहे त्याला द्यावी, तो कोणत्याही धर्माचा असो. आजार बरा होईलच असे आश्वासन देऊ नये. तो बरा झाला नाही की विश्वासही जातो.

याला कायद्याचीही बाजू आहे. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ मध्ये, निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. संविधानाच्या कलम २५ ने धर्माच्या प्रचाराचा हक्क दिला आहे, पण त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. शिवनी, छिंदवाडा, बालाघाटकडची माणसे नागपूरच्या मंडळ्यांत येतात. मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्मांतरापूर्वी ६० दिवस आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना सूचना देण्याची अट आहे. ज्या राज्यात विधी होणार तिथला चालू कायदा वकिलाकडून पाहून घ्यावा, आणि इच्छुक सज्ञान आहे व स्वतःच्या इच्छेने आला आहे याचे लेखी निवेदन ठेवावे.

गायन, मुले आणि ऊन

मराठी मंडळीजवळ नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजने आहेत. ख्रिस्ती होण्यापूर्वी टिळक काही काळ नागपुरात राहिले होते. अभंग-ओवीच्या वळणाची ही गीते पेटी-तबल्यावर सगळ्यांना म्हणता येतात. कीबोर्ड आणि ड्रमवरची नवी हिंदी गीते तरुणांना जवळची वाटतात. दोन्ही हवीत, पण पट्टी मंडळीच्या गळ्याची ठेवावी. गायनसंघाला सोयीची उंच पट्टी धरली की तिसऱ्या ओळीला मागची बाके गप्प होतात. मग पट्टी एक-दोन स्वर खाली आणावी.

शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात) ८ ते १० मुलांमागे एक शिक्षक लागतो. आठवी-नववीपासून रविवारच्या सकाळी ट्यूशन सुरू होते आणि मुले गळतात. त्यांचा वर्ग शनिवारी संध्याकाळी घ्यावा. एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपतात आणि पारा ४२–४५ अंशांवर जातो, त्यामुळे सुट्टीतली बायबल शाळा सकाळी ७ ते ९.३० या वेळातच होते. पाण्याचे माठ भरलेले असावेत. मे महिन्यात मोठ्यांची उपासनाही साडेसातला लावावी. दुपारकडे झुकलेल्या उपासनेत चार-चार कूलर घरघरत असतात, त्यांच्या आवाजात प्रार्थना ऐकू येत नाही आणि म्हातारी माणसे घरीच राहतात.

पैसा आणि निवडणुका

अर्पण (उपासनेत दिलेले पैसे) दोघांनी मिळून मोजावे, दोघांच्या सह्या घ्याव्यात, महिन्याचा हिशेब फलकावर लावावा. मंडळी स्वतः सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. तो राहिला की पुढच्या वादात खरी कमिटी कोणती हेच ठरत नाही. मोक्याच्या जागेवरची जुनी जमीन आणि कमिटीची निवडणूक, या दोन गोष्टींनी वाढत्या मंडळ्या थांबवल्या आहेत. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपात दुजाभाव झाल्याची तक्रार आली. ती दडपली नाही, सात विश्वासू माणसे नेमून निस्तरली, आणि त्यानंतर शिष्यांची संख्या फार वाढली असे तिथे लिहिले आहे.

शाखा-मंडळी

शहर दक्षिणेकडे, मिहान आणि बुटीबोरीकडे सरकले आहे. तिथले कुटुंब दर रविवारी सदरला येऊ शकत नाही. अशा भागात आधी एक घरसभा चालवावी. १० घरे झाली की महिन्यातून एक उपासना, १५ घरे नियमित झाली की दर रविवारी. मूळ मंडळीने दोन वर्षे हॉलचे भाडे आणि पाळकांचा प्रवासखर्च द्यावा, तिसऱ्या वर्षी निम्मा. पहिल्या दिवसापासून तिथले अर्पण तिथल्याच वहीत लिहावे.