अ‍ॅडव्होकसी वेगळी, लॉबिंग वेगळं: अमेरिकेतले ज्येष्ठ स्वयंसेवक-कार्यक्रम आणि त्यांची संघटना

मराठीत ‘पाठपुरावा’ म्हटलं की काम भागतं. तहसीलदाराला निवेदन द्या, चार ज्येष्ठांना घेऊन आमदाराच्या ऑफिसात बसा, मंत्रालयात फाइल कुठे अडली ते विचारा, एखाद्या विधेयकाविरुद्ध सह्या गोळा करा, सगळा पाठपुरावाच. अमेरिकेत याच कामाचे दोन भाग पडतात. कामाची बाजू मांडणं, त्याचं महत्त्व पटवून देणं ही अ‍ॅडव्होकसी. ठरावीक विधेयक मंजूर व्हावं किंवा पडावं म्हणून लोकप्रतिनिधीचं मत वळवणं हे लॉबिंग. पहिलं बहुतेक सगळ्यांना मोकळं आहे. दुसरंही बेकायदा नाही, पण ते कोणाच्या पैशातून आणि कोणाच्या वेळात केलं याचा हिशेब द्यावा लागतो. घोटाळा होतो तो बहुधा या हिशेबात.

हा फरक ज्यांना रोज सांभाळावा लागतो ते म्हणजे ‘अमेरिकॉर्प्स’ या केंद्र सरकारच्या स्वयंसेवा-खात्याचे, ज्येष्ठांसाठीचे ‘अमेरिकॉर्प्स सीनियर्स’ कार्यक्रम. 2020 पर्यंत यांना ‘सीनियर कॉर्प्स’ म्हणत. स्वयंसेवक 55 वर्षांवरचे, कार्यक्रम तीन. 1965 पासून चालू असलेल्या फॉस्टर ग्रँडपेरेंटमधले आजी-आजोबा शाळेत, बालवाडीत मागे पडणाऱ्या मुलांजवळ बसतात. सीनियर कंपॅनियनवाले घरी एकट्या पडलेल्या, स्वतःचं स्वतः करणं जड जाणाऱ्या माणसांकडे जातात. या दोन्हींत उत्पन्नाची अट आहे, केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत, आणि ताशी मानधन मिळतं. 1971 मध्ये सुरू झालेल्या आरएसव्हीपीत, म्हणजे निवृत्त आणि ज्येष्ठ स्वयंसेवकांच्या कार्यक्रमात, ना उत्पन्नाची अट, ना मानधन. तिन्ही कार्यक्रम केंद्राच्या अनुदानावर चालतात, पण प्रत्यक्ष चालवते स्थानिक संस्था. कुठे धर्मादाय संस्था, कुठे काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, ऑफिस. पहिल्या दोघांना किमान 10 टक्के स्थानिक वाटा घालावा लागतो. आरएसव्हीपीत तो पहिल्या वर्षी 10, दुसऱ्या वर्षी 20 आणि तिसऱ्यापासून 30 टक्के होतो.

आता एवढ्या विखुरलेल्या संस्थांना एका राष्ट्रीय संघटनेची गरज का पडते, ते एका गणितात दिसतं. मानधन ताशी 4 डॉलर, आठवड्याला 20 तास, वर्षाचे 50 आठवडे धरा. माणशी 4,000 डॉलर झाले, म्हणजे 4 लाख डॉलरमध्ये 100 स्वयंसेवक बसतात. मानधन 5 डॉलर झालं आणि अनुदान तेवढंच राहिलं तर 80 बसतात. म्हणजे दरवाढ मागितली आणि निधीवाढ मागायला विसरलात, तर वीस आजी-आजोबांना घरी बसवायची पाळी. आरएसव्हीपीच्या संचालकाला या दराशी देणंघेणं नसतं. त्याला स्वयंसेवकांचा गाडीखर्च आणि एका समन्वयकाचा पगार भागवायचा असतो. तो आणि फॉस्टर ग्रँडपेरेंटचा संचालक एकाच सिनेटरकडे दोन निराळ्या मागण्या घेऊन गेले, तर तिथला सहायक दोन्ही कागद शांतपणे बाजूला ठेवतो. संघटनेचं पहिलं काम आतल्या आत ही भांडणं मिटवून एकच आकडा ठरवणं. तो ठरवायला वेळही फार नसतो. अर्थसंकल्पी वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, विनियोजन (सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या) उपसमित्यांकडे खासदारांच्या मागण्या वसंत ऋतूतच जातात. ऑगस्टमध्ये जागं होणाऱ्या संघटनेला त्या वर्षापुरतं कोणी विचारत नाही.

आकडा ठरवला इथवर अ‍ॅडव्होकसी. तो घेऊन लोकप्रतिनिधीच्या दारात गेलात की प्रश्न सुरू.

करकायद्याच्या दृष्टीने थेट लॉबिंग ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. समोर लोकप्रतिनिधी किंवा त्याचा कर्मचारी हवा, बोलण्यात ठरावीक विधेयक हवं, आणि त्यावर तुमचं मत हवं. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर ते थेट लॉबिंग नाही. विधेयकाला अजून क्रमांक पडलेला नाही ही सबब चालत नाही, नुसता प्रस्तावही ‘ठरावीक’ धरतात. विनियोजन विधेयक तर धरतातच.

कागदावर बघू. सिनेटरच्या ऑफिसात ठेवायचं एक पान आहे. त्यावर लिहिलंय की या काउंटीत अमुक इतक्या शाळांत फॉस्टर ग्रँडपेरेंट जातात, वर्षाला इतके तास देतात, तिसरीतल्या मुलांच्या वाचनात असा फरक पडला, आणि प्रतीक्षायादीत इतके ज्येष्ठ आहेत. खाली आमंत्रण, ‘आमच्या शाळेत या, एक तास बसा.’ हे पान संचालक पगाराच्या वेळात, ऑफिसच्या लेटरहेडवर देऊ शकतो. आता त्याच पानाच्या तळाला एक ओळ वाढवा, ‘येत्या विनियोजन विधेयकात या कार्यक्रमाच्या निधीवाढीला पाठिंबा द्यावा.’ वरचा एकही शब्द बदललेला नाही, पण पान लॉबिंगचं झालं. ते टाइप करायला गेलेली दहा मिनिटंसुद्धा अनुदानाच्या टाइमशीटवर चढवता येत नाहीत. अनुभवी संचालक म्हणून दोन निरनिराळ्या फायली ठेवतात. एकाच फाइलीत शेवटची ओळ कधी घालायची, कधी पुसायची हा खेळ करणारा कधी तरी चुकीची प्रत पाठवतोच.

अमेरिकॉर्प्सच्या नियमावलीत बदल व्हावा म्हणून मुदतीत लेखी सूचना पाठवणं मात्र लॉबिंग नव्हे. नियम सरकारी खातं करतं, विधिमंडळ नाही. अर्जाची किचकट प्रक्रिया, कागदपत्रांची मागणी, स्वयंसेवकांच्या पार्श्वभूमी-तपासणीचे नियम ही रोजची डोकेदुखी इथेच सुटू शकते. संघटना या दाराचा वापर करतात त्यापेक्षा कितीतरी जास्त करू शकतील असं आमचं मत आहे. वॉशिंग्टनला जाऊन फोटो काढण्यात जी मजा आहे ती सूचना लिहिण्यात नाही, दुसरं काय.

सभासदांना पाठवायच्या पत्रातही अशाच पायऱ्या आहेत. संघटनेने सभासदांना ‘हे विधेयक आलंय, आम्हाला ते चांगलं वाटतं’ एवढंच कळवलं तर ते लॉबिंगमध्ये मोजत नाहीत. ‘तुमच्या सिनेटरला फोन करा’ म्हटलं की थेट लॉबिंग. ‘शेजारीपाजारी, नातेवाईक सगळ्यांना फोन करायला लावा’ म्हटलं की जनतेतलं लॉबिंग, आणि त्याची मर्यादा आणखी कडक. वर्गणी भरणारे सभासद असल्याचा हा एक व्यवहारी फायदा आहे. नुसती ईमेल-यादी असेल तर ही सवलत नाही, कारण यादीतली माणसं सभासद नसतात.

मर्यादा किती, ते बघू. धर्मादाय संस्थेने लॉबिंग ‘लक्षणीय प्रमाणात’ करू नये असा मूळ नियम, आणि ‘लक्षणीय’ म्हणजे किती हे कोणी सांगत नाही. 1976 च्या दुरुस्तीने एक सोपी वाट दिली. फॉर्म 5768 भरला की टक्क्यांचं माप लागू होतं. पहिल्या 5 लाख डॉलर खर्चाच्या 20 टक्के, पुढच्या 5 लाखांच्या 15 टक्के, असं उतरत जाऊन कमाल 10 लाख डॉलर. ज्या संस्थेचा वर्षाचा खर्च 8 लाख आहे तिला 1,45,000 डॉलरपर्यंत लॉबिंग करता येतं, आणि त्यातला चौथा हिस्सा, 36,250, जनतेतल्या लॉबिंगसाठी. शिवाय इथे फक्त खर्च मोजतात, बिनपगारी माणसांचा वेळ नाही. ज्येष्ठ स्वयंसेवकांच्या संस्थांना यापेक्षा सोयीचा नियम सापडणार नाही, तरी हा एका पानाचा फॉर्म भरायला अनेक संस्था घाबरतात.

आणि इथेच सगळ्यात महागडी चूक होते. हा 20 टक्क्यांचा नियम करखात्याचा आहे. तो संस्थेच्या करसवलतीपुरता. अनुदानाच्या पैशाला तो लागू नाही. केंद्रीय अनुदानातून लॉबिंगसाठी एक डॉलरही नाही. ‘मग आम्ही आमच्या स्थानिक वाट्यातून करू’ हे उत्तर ऑडिटरला नेहमी ऐकायला मिळतं आणि ते चालत नाही, कारण वाट्यात दाखवलेला खर्चसुद्धा अनुदानाच्याच नियमांत बसावा लागतो. पैसा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकाबाहेरचा हवा. देणग्या, संस्थेचा खुला निधी, नाहीतर स्वतःचा खिसा. या कार्यक्रमांच्या 1973 च्या मूळ कायद्यात कार्यक्रमाच्या स्वतःच्या निधीबद्दल बोलायला एक फट आहे, आणि कोणीतरी ती दरवर्षी शोधून काढतो. पण पैसा ज्या वार्षिक विनियोजन कायद्यातून येतो त्यातली बंदी वेगळी आणि जास्त कडक. त्या फटीवर विसंबू नये. विधिमंडळ समितीनेच लेखी विचारलं असेल तर कार्यक्रमाशी निगडित तांत्रिक माहिती देता येते. ते पत्र जपून ठेवायचं.

‘निधी गेला तर संस्थाच बुडेल, म्हणून हा स्वसंरक्षणाचा मुद्दा आहे’ हाही एक आवडता युक्तिवाद. स्वसंरक्षणाची सवलत संस्थेचं अस्तित्व, अधिकार किंवा करसवलत यांवरच घाला आला तर मिळते. अनुदान कमी होणं त्यात सहसा बसत नाही.

वर्गणीचं उत्तर लोकांना वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. व्यावसायिक संघटनेची संस्थात्मक वर्गणी अनुदानातून भरता येते. जिचा मुख्य हेतूच लॉबिंग आहे अशा संघटनेची नाही. म्हणून वर्गणी भरण्याआधी संघटनेकडून लेखी मागून घ्यावं की वर्गणीतला किती भाग लॉबिंगवर जातो, आणि तेवढी रक्कम बाहेरच्या पैशातून भरावी. चांगली संघटना हा आकडा पावतीवरच छापते.

राष्ट्रीय परिषदेचं बिलही असंच फोडावं लागतं. दोन दिवस प्रशिक्षण, तिसरा दिवस काँग्रेसच्या इमारतीत भेटीगाठी. पहिल्या दोन दिवसांची राहणी-जेवण अनुदानात. तिसऱ्या दिवसाची खोली, जेवण, टॅक्सी बाहेरून, आणि संचालकाने त्या दिवशी रजा टाकायची. विमानभाडं दिवसांच्या प्रमाणात वाटून टाकतात. हॉटेलने तिन्ही रात्रींचं एकच बिल दिलं तर तिथल्या तिथे फोडून घ्यावं, चार महिन्यांनी ते कोणी फोडून देत नाही. निवडणुकीच्या उमेदवाराला पाठिंबा हा अ‍ॅडव्होकसी आणि लॉबिंग या दोन्हींच्या पलीकडचा विषय. धर्मादाय संस्थेला तो 1954 पासून पूर्ण बंद.

राहता राहिले खुद्द स्वयंसेवक. मुलीकडे किंवा मुलाकडे कायमचं राहायला गेलेले मराठी आजी-आजोबाही यात असू शकतात, आणि सह्यांच्या मोहिमेची सवय आपल्याला जुनी. मंगळवारी सकाळी शाळेत चार तास भरून आजींनी दुपारी खासदाराच्या स्थानिक ऑफिसात जायला कोणाची हरकत नाही. 12 वाजता हजेरीपत्रकावर सुटल्याची वेळ टाकायची, कार्यक्रमाचं ओळखपत्र आणि टी-शर्ट काढून ठेवायचा, बसचं तिकीट स्वतःच्या पैशाने. आत गेल्यावर नाव सांगायचं, पत्ता सांगायचा, आणि ‘मला कार्यक्रमाने पाठवलंय’ असं म्हणायचं नाही.