धूर म्हणजे रिंगा गेल्या, हे खरं नाही

जुन्या फोर-स्ट्रोक मोटरसायकलच्या सायलेन्सरमधून धूर दिसला की सल्ला ठरलेला: "रिंगा गेल्या, बोअर करून घ्या." (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, बोअर म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं.) या एका वाक्यापायी कितीतरी धडधाकट इंजिनं विनाकारण उघडली गेली आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी रंग बघा. काळा धूर ऑइलचा नसतो, तो जास्तीच्या पेट्रोलचा. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते. ती कमी पडली की काजळी धरते. म्हणजे दोष कार्बोरेटरकडे (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग) किंवा एअर फिल्टरकडे. अडकलेला चोक, चोंदलेला फिल्टर, झिजून मोठा झालेला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र. फ्लोटची सुई, म्हणजे कार्बोरेटरचा चेंबर भरला की पेट्रोल थांबवणारी सुई, तर हमखास तपासा. तिच्या टोकाला बारीक खाच पडली तरी पेट्रोल थांबत नाही, चेंबरमधली पातळी चढते. (हे जास्तीचं पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरू शकतं. डिपस्टिकला, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीला, पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका, आधी ऑइल बदला.)

स्पार्क प्लग काढून बोट फिरवा. कोरडी, मखमली काजळी असेल तर मिश्रण दाट आहे. ओला, तेलकट थर असेल तर ऑइल जळतंय.

निळा धूर मात्र ऑइलचाच. तरीही उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा पिळल्यावरच भपका येत असेल तर संशय आधी व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) घ्या. जोर देताना सतत येत असेल तर रिंगा, आणि तेव्हाही कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजूनच.

थंड सकाळी दिसणारा, गाडी तापल्यावर जाणारा पांढरा धूर ही नुसती वाफ.