वर्गणी आधी, अनुदान मागून

वडोदऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले तेव्हा बैठकीत एकच प्रश्न गाजला : आपला फाळा किती? खाजगी सोसायट्यांसाठीच्या जनभागीदारी योजनेत ७० टक्के गुजरात सरकारचे, १० टक्के महानगरपालिकेचे आणि २० टक्के रहिवाशांचे. या विसाला गुजरातीत ‘लोकफाळो’ म्हणतात. दांडिया बाजार या मराठी वस्तीतला माणूसही सरकारी कामात वर्गणी हा शब्द वापरत नाही. वर्गणी गणपतीची, फाळा सरकारचा.

ही तीन वाट्यांची रीत नवी वाटते, पण वडोदऱ्याला ती शंभर वर्षांहून जुनी ओळखीची आहे.

त्याआधीची रीत वेगळी होती. गायकवाडी दरबारातून देवस्थानांना नेमणुका, ब्राह्मणांना खिचडी, मुसलमानांना ग्यारमी (तसेच अन्नदान) आणि श्रावणात विद्वानांना दक्षिणा मिळे. मागणाऱ्याने हिशेब द्यायचा नसे, फक्त यादीत नाव असावे लागे. तिसऱ्या सयाजीरावांनी १८८१ मध्ये राज्याची सूत्रे हाती घेतल्यावर हे हळूहळू बदलले. श्रावणमास दक्षिणेला त्यांनी परीक्षा जोडली : आधी उत्तीर्ण व्हा, मग दक्षिणा घ्या. अटीवर मिळणाऱ्या पैशाची सवय वडोदऱ्याला लागली ती इथून, असे मला वाटते. ब्रिटिश मुलखात शिक्षणाबाबतच्या १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून खाजगी शाळांना अनुदान आणि त्यामागोमाग तपासणी सुरू झालीच होती.

खरी गंमत ग्रंथालयांची आहे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग म्हणून आणि १९०६ मध्ये राज्यभर लागू झाले. पण शाळेतून बाहेर पडलेल्या पोराच्या हाती पुस्तक राहिले नाही तर तो शिकलेले विसरणार, हा पेच उरला. म्हणून १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावले. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतल्या काचेच्या फरशीवरून चालताना आजही पाय जपून पडतो, पण बॉर्डन यांच्या काळात बसलेली घडी त्या फरशीपेक्षा मोलाची होती. गावाने वर्गणी काढून ठरावीक रक्कम उभी केली की तेवढीच प्रांत पंचायत (जिल्ह्याची स्थानिक संस्था) देई आणि तेवढीच सरकार. खेड्याला सालीना १०० रुपयांपर्यंत, कसब्याला ३०० पर्यंत, प्रांताच्या मोठ्या ग्रंथालयाला ७०० पर्यंत. इमारत बांधायची तरी हाच तिसऱ्या हिश्शाचा नियम. ज्या गावाला एवढेही जमत नसे त्याच्यासाठी फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या होत्या. त्या नेण्या-आणण्याचे भाडे संस्थान भरी.

या नियमात एक शहाणपण होते. पहिला रुपया गावाचा असल्यामुळे कुलूप कोण उघडणार, पुस्तक हरवले तर भरपाई कोण देणार, हे गावानेच ठरवलेले असे. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने चरोतरात, म्हणजे खेडा-आणंद पट्ट्यात, मित्रमंडळांची ग्रंथालये आधीच काढली होती; सरकारी तिसरा हिस्सा अशा तयार जमिनीवर पडला. उलट बाजूही सांगायला हवी. ज्या वस्तीकडे वर्गणीला पैसेच नव्हते तिला या सूत्रात जागा नव्हती, आणि पेटी म्हणजे ग्रंथालय नव्हे.

१ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. प्रांत पंचायत गेली आणि तिसरा वाटेकरीच नाहीसा झाला. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने मंडळे, आखाडे, वाचनालये धर्मादाय आयुक्तांच्या वहीत आली. तेव्हापासून अनुदान मागायचे तर आधी नोंदणी क्रमांक आणि तपासलेले हिशेब हवेत. १९६० मध्ये गुजरात वेगळे झाल्यावर इथल्या मराठी संस्थांची आणखी एक अडचण झाली : भाषा एका राज्याची, पत्ता दुसऱ्या राज्याचा. २०१८ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन वडोदऱ्यात भरले, तेव्हा महाराष्ट्र सरकारने संमेलनाचे अनुदान २५ लाखांवरून ५० लाख केल्याची घोषणा याच मांडवातून झाली. टाळ्या जोरात पडल्या. वाचनालयाच्या गळक्या छपरासाठी मात्र गांधीनगरकडेच बघावे लागते, किंवा कोलकात्याला. तिथे १९७२ पासून असलेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान राज्यांनी घातलेल्या हिश्शाला जोड म्हणून आपला हिस्सा घालते. जुनेच सूत्र, फक्त गावाच्या जागी राज्य.

पालिकांची कहाणी जकातीशिवाय कळत नाही. नाक्यावर गोळा होणारा पैसा हे महानगरपालिकेचे स्वतःचे उत्पन्न होते. गुजरातने २००७ मध्ये जकात काढली आणि बदल्यात राज्याचे अनुदान सुरू झाले. म्हणजे हातातली कमाई जाऊन महिन्याचा पगार आला. त्याआधी ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने राज्य वित्त आयोग आणि केंद्रीय वित्त आयोगातून थेट वाटा हा मार्ग उघडला होता. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी आणि शहरी संस्थांना १,२१,०५५ कोटी रुपये सुचवले. पंचायतींच्या वाट्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांना, म्हणजे वडोदऱ्यालाही, हवेची गुणवत्ता आणि पाणी-कचऱ्याचे काम दाखवल्यावर पैसे. श्रावणमास परीक्षेचा नवा अवतारच म्हणायचा. गुजरातची ‘समरस’ योजना तर सगळी पंचायत बिनविरोध निवडली म्हणून गावाला बक्षीस देते. ती अट मला कधीच पटली नाही, कारण विरोधक गप्प बसणे ही गावाची कमाई कशी?

संस्थांचे आता सगळे संगणकावर. स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक नसेल तर केंद्राचा अर्ज पुढे सरकत नाही आणि खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र लागते, नमुना १२-अ. हे मी स्वतः दोनदा भरले आहे. एकदा रबरी शिक्का अध्यक्षांच्या सहीवर पडला, अक्षर वाचेना म्हणून कागद परत आला. तोवर मार्च संपला आणि दुसरा हप्ता पुढच्या वर्षात गेला. तेवढ्या काळात छपाईवाल्याचे बिल खजिनदारकाकांनी घरून भरले.

गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकचा फाळा गोळा करायलाही तेच काका फिरले. सत्तावीस घरांपैकी चोवीस घरांनी दिला. उरलेल्या तिघांचा कोणी भरला ते पावतीपुस्तकात आहे, पण काका ते कोणाला दाखवत नाहीत.