भेट झाली की जळजळ का होते?

माझी एक मैत्रीण मुलुंडला राहते, नवरा नोकरीला नागपूरला. दीड-दोन महिन्यांनी शनिवारी सकाळी तो विदर्भ एक्सप्रेसने ठाण्याला उतरतो, रविवारी रात्री परत. आणि सोमवारी लोकलमध्ये हिचे हाल, लघवीला आग, सारखं जावंसं वाटतं आणि गेलं की चार थेंब. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तिने सरळ मेसेज टाकला, "तिकडे कोणी आहे का तुझं?" दोन दिवस अबोला.

आता यातली गंमत अशी की या दुखण्याला डॉक्टर लोक 'हनीमून सिस्टायटिस' म्हणतात, म्हणजे मूत्राशयाचा इन्फेक्शन, आणि याला बाहेरचं कोणी लागत नाही. जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला असतो, ई-कोलाय. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंमी, पुरुषाची २०च्या आसपास, त्यामुळे संबंधाच्या वेळी हे जंतू आत ढकलले गेले की मूत्राशय अगदी जवळच. त्यात दोन महिन्यांचा कोटा दोन दिवसांत उरकायचा म्हटल्यावर काय होणार! त्यावर मुंबईची भर, स्टेशनवरच्या टॉयलेटच्या धास्तीने बायका पाणीच पीत नाहीत, बायकांना स्वच्छ, फुकट मुतारी हवी म्हणून चळवळ करणाऱ्या 'राइट टू पी'वाल्या बायका उगाच नाही भांडत. ज्यांना हा त्रास वारंवार होतो अशा बायकांवर २०१८ साली एक अभ्यास छापून आला, रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर वर्षभरात त्रास जवळपास निम्म्यावर आला.

संबंधानंतर लघवीला जाऊन यावं, हे सोपंय. आणि मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप शोधू नका प्लीज, आधी युरिन कल्चर, म्हणजे लघवीत कोणता जंतू आहे याची तपासणी. थंडी वाजून ताप किंवा पाठीत कळ आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पण प्रत्येक आग म्हणजे हेच असंही नाही हां. फोड, जखम, वेगळा स्राव असेल तर दोघांनीही गुप्तरोगाची तपासणी करावी. तिथेसुद्धा लगेच उलटतपासणी सुरू करू नका, कारण हर्पीसचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो आणि कधीतरी अचानक उठतो, म्हणजे आज फोड आला याचा अर्थ गेल्या महिन्यात काही घडलं असा होत नाही. एचआयव्हीची शंका असेल तर दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट काही कामाचा नाही, लॅबची चौथ्या पिढीची टेस्ट (विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी) असली तरी ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात, बोटातून रक्त घेऊन करतात त्या रॅपिड टेस्टला ९०. सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात, टेस्ट फुकट होते, काही विचारायचं असेल तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन करा. मात्र शंका ताजी असेल तर थांबू नका, लागण टाळायला संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायची औषधं असतात.

मैत्रिणीने शेवटी कल्चर केलं आणि रिपोर्टचा फोटो नागपूरला पाठवला, ई-कोलायखाली लाल रेघ मारून. पलीकडून उत्तर आलं, "हा कोण आता?"